उपाशी पडदा

ज्या बायांना दिवसा सगळं लख्ख दिसतं आणि दिवेलागणीला काहीच दिसेनासं होतं, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी महानुभावांच्या घरात जन्मले. मुलीला पोथी वाचता यावी म्हणून वडिलांनी मला अक्षरं शिकवली. ती अक्षरं बोकडाच्या काळजाबद्दल लिहायला वापरली जातील, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसेल.

तेल्याचा काय दोष

सुरुवात झाली ती परातीपासून. संध्याकाळी मी भाकरीचं पीठ मळून परात बाजूला ठेवली, चुलीत काटक्या सारल्या, उठले आणि पाय थेट परातीत दिला. कौशी, माझी चार वर्षांची लेक, खदखदून हसली. मीही हसले. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याला ठेचकाळले. तिसऱ्या दिवशी दाराच्या चौकटीवर कपाळ आपटलं, तेव्हा मात्र हसू आलं नाही.

मला वाटलं, दिव्याचं तेल खराब आहे. आमच्या अंजनगावच्या तेल्याशी मी कडाकडा भांडले. "तेलात पाणी घालतोस, म्हणून उजेड पडत नाही," असं चारचौघांत सुनावलं. तो बिचारा म्हणाला, "वयनी, सारं गाव हेच तेल जाळून राह्यलं. बाकीच्याइले दिसते, तुमालेच कसं दिसत नाई?"

प्रश्न रास्त होता. घरी येऊन मी दिव्यासमोर बसले आणि नीट पाहिलं. ज्योत स्पष्ट दिसत होती. पण दिव्याखालची देवळी, शेजारची भिंत, माझा स्वतःचा हात, काही नाही. सगळं कुणी काळ्या घोंगडीत गुंडाळून ठेवल्यासारखं. म्हणजे उजेड होता. तो माझ्या कामाचा नव्हता. भीती वाटली हे खरं, पण खोटं कशाला बोलू, त्याहून जास्त नवल वाटलं. सकाळी सुईत दोरा ओवणारे हेच डोळे संध्याकाळी कुठे जातात?

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांना सांगितलं तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "रातांधळेपणा हाय हा. कोणाले सांगू नको."

मी तेव्हा पोटुशी होते.

दोन घरं, एक अंधार

ती वर्षं कापसाची होती. सातासमुद्रापलीकडे कुठेतरी लढाई जुंपली होती आणि तिकडचा कापूस अडकल्यामुळे आमच्या काळ्या मातीला भाव आला होता, असं कौशीचे बाबा सांगायचे. घरोघर कापूस. ओसरीवर कापूस, माळ्यावर कापूस, जेवताना ताटात कापसाचा तंतू. गाड्या भरून अमरावतीला जायच्या, काही अकोल्याच्या बाजारात, आणि गाडीवान परतताना पोरांसाठी खेळणी आणायचे. आमच्याकडे पहिल्यांदाच काचेची हंडी आली. ती पेटवली की सगळे वाहवा करायचे, आणि मला त्यात फक्त एक पिवळा ठिपका दिसायचा.

शेजारी रहिमतबी राहायची. तिचा नवरा विणकर. ज्या कापसाने आमचं घर भरलं, त्याच कापसाने त्यांचं रिकामं केलं. सूत इतकं महागलं की माग बंद पडला. तिच्या अंगावर पितं मूल होतं. आमच्या दोघींच्या परसांमध्ये एक बुटकी भिंत होती, तिच्यावरून आमचं बोलणं चाले.

एका संध्याकाळी भिंतीपलीकडून मडकं फुटल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ रहिमतबीचा. "या अल्ला, हे बी गेलं!"

मी विचारलं, "काय झालं वं?"

"दिसत नाई ना बाई. मगरीबची अजान झाली की माह्ये डोळे बंद. कोणाले सांगू नको."

मी भिंत चाचपत तिच्याजवळ गेले आणि म्हणाले, "मलेही."

आम्ही दोघी भिंतीच्या दोन बाजूंना उभ्या राहून हसलो. एकीला दुसरीचं तोंड दिसत नव्हतं. पण मला मनातून एक कोडं पडलं. गावातल्या बाया म्हणत, हा आजार दरिद्र्याचा. मग तो भरल्या घरातल्या मला कसा झाला? आत्याबाई म्हणत, मागल्या जन्मीचं काही असेल. पण रहिमतबी कुठल्या देवाची, मी कुठल्या, आणि दोघींचा हिशेब एकाच वेळी कसा निघाला?

डोळ्यात चालतं

उपाय रहिमतबीनेच काढला. हकिमाने तिच्या सासऱ्याला पूर्वी सांगितलेला. बोकडाचं काळीज, म्हणजे कलेजी, घ्यायचं, त्यात चीर पाडून पानमळ्यातली पिंपळी भरायची, निखाऱ्यावर भाजायचं, आणि जो रस गळेल तो काजळासारखा डोळ्यात घालायचा.

पिंपळी आमच्या अंजनगावात हवी तेवढी. काळजाचंच काय ते. आमच्या घरात कांद्यालाही नाकं मुरडणारे लोक, तिथे बोकडाचं काळीज! मी भीत भीत आत्याबाईंना विचारलं.

"तोंडात घ्यायचं हाय का?"

"नाही. डोळ्यात."

"मंग चालते," त्या म्हणाल्या. "डोया काही जेवत नाई."

हे वाक्य मी जन्मभर विसरणार नाही. त्या वेळी मला ते अगदी शहाणपणाचं वाटलं होतं. काळजाचे पैसे आमचे आणि चूल रहिमतबीची, असं ठरलं. मी ऊन उतरायच्या आत तिच्या परसात जायचे, नाकाला पदर लावून बसायचे, आणि ती गरम रसाचं बोट माझ्या डोळ्यात फिरवायची. पिंपळीने अशी आग व्हायची की मी बैलासारखी मान झटकायचे. ती म्हणायची, "झोंबलं म्हंजे औषध लागून राह्यलं, समज." मग ती स्वतःच्या डोळ्यात घालायची आणि शिव्या द्यायची.

हे बरेच दिवस चाललं. माझे डोळे लाल झाले, एवढाच फरक.

मग एका दिवेलागणीला मी भिंतीशी उभी होते. रहिमतबी पलीकडे गुणगुणत होती. मी विचारलं, "काय करून राह्यली?"

"कुर्त्याले ठिगळ लावून राह्यली."

"आत्ता? दिवा लावला का?"

"दिवा कुठचा? तेल कुठं हाय?" एवढं म्हणून ती थांबली. आम्हा दोघींच्या एकदमच ध्यानात आलं. ती बिनदिव्याची सुईत दोरा ओवत होती.

मला आधी तिचा हेवा वाटला, तो लपवत नाही. मग डोकं चालू लागलं. रस तोच, पिंपळी तीच, बोटही तिचंच. मग तिला गुण आणि मला का नाही? मी तिला खोदून खोदून विचारलं. काय खातेस, काय पितेस, कुठे निजतेस. शेवटी ती लाजून म्हणाली, "आता तुले कसं सांगू? तू गेल्यावर ते भाजलेलं काळीज तसंच राहते. फेकाले जीव होत नाई. म्या खाऊन टाकते."

भोकाचा आरसा

तरी मी निर्णय घेतला नसता. एका बाईचा अनुभव म्हणजे काही शास्त्र नव्हे, आणि धर्म तर जवळच होता. पण त्याच आठवड्यात कौशी परातीत पाय देऊन पडली. यावेळी मी हसले नाही आणि तीही हसली नाही. ती रडत म्हणाली, "आई, दिवा कोणं इझवला?" दिवा जळत होता.

त्या रात्री मी कौशीच्या बाबांना सगळं सांगितलं. ते भले माणूस, पण त्यांचा जीव कापसात अडकलेला. तरी ते म्हणाले, "उद्या गाडी अमरावतीले चालली. दोघी चाला. सरकारी दवाखान्यात दाखवू."

कापसाच्या गाठोड्यांवर बसून आम्ही अमरावतीला गेलो. दवाखान्यात एक डॉक्टर होता, कोकणाकडचा असावा, बोलण्यावरून वाटलं. त्याने दोघींना एका अंधाऱ्या खोलीत नेलं, माझ्या कानामागे दिवा ठेवला आणि एक वाटोळा छोटा आरसा आपल्या डोळ्याला लावला. आरशाच्या मधोमध भोक होतं. दिव्याचा उजेड आरशावर पडून माझ्या डोळ्यात शिरला, आणि भोकातून तो बघत राहिला.

"काय पाहता?" मी विचारलं.

"तुमच्या डोळ्याच्या आतला पडदा."

"माझ्या डोळ्यात पडदा आहे?"

तो हसला. आजवर कुणी रोग्याने त्याला असं विचारलं नसावं, कारण तो आनंदाने सांगू लागला. डोळ्यातलं काळं म्हणजे रंग नव्हे, ते भोक आहे, अंधाऱ्या खोलीची खिडकी असते तसं. उजेड तिथून आत जातो आणि मागच्या भिंतीवर एक पातळ, ओला पडदा पसरलेला असतो, त्याच्यावर पडतो. आपण जे पाहतो ते सगळं आधी त्या पडद्यावर उमटतं. "आणि गंमत म्हणजे बाई, ते उलटं उमटतं. डोकं खाली, पाय वर."

मला हसू आवरेना. म्हणजे इतकी वर्षं मी आत्याबाईंना उलट्या टांगून ठेवत होते!

"मग माझा पडदा फाटला का?"

"नाही. पडदा धड आहे. फक्त दिवसाचं काम करतो, संध्याकाळचं करायला त्याच्यात त्राण नाही. उपाशी आहे म्हणा."

"उपाशी? पडदा काय खातो?"

तो प्रामाणिक माणूस होता. म्हणाला, "ते मलाही ठाऊक नाही. पुस्तकात एवढंच आहे की माशाच्या काळजाचं तेल किंवा जनावराचं काळीज पोटात गेलं की हा पडदा पुन्हा उजळतो. तेल मुंबईहून येतं, सध्या माझ्याकडे एक थेंब नाही."

"डोळ्यात घातलं तर?"

"पोटात, बाई. डोळ्याला घास पोटातूनच पोचतो."

मग त्याने कौशीला मांडीवर घेतलं. तिच्या डोळ्याच्या पांढऱ्यावर फेसासारखा एक ठिपका होता, तो मी डोळ्यातली घाण समजून रोज पुसत होते. तो पाहून त्याचं हसणं गेलं. "तुमचं थांबलं तरी चालेल," तो म्हणाला. "हिचं थांबू नका. हिचा डोळा वरून कोरडा पडतो आहे. बुबुळाला फूल पडलं तर मग दिवस काय आणि रात्र काय, सारखंच."

परतीची वाट

परतताना गाडी रिकामी होती आणि कौशी माझ्या मांडीवर निजली होती. मी एकसारखी तिच्या पापण्यांकडे पाहत होते. ऊन होतं तोवर मला तिच्या पापणीचा केस न् केस दिसत होता. सूर्य टेकला तशी ती हळूहळू माझ्या मांडीवरून पुसली गेली. वजन होतं, ऊब होती, मूल नव्हतं. मी तिला घट्ट धरलं. त्या दिवशी मला खरी भीती कळली. माझी स्वतःची आंधळी संध्याकाळ मी कशीही काढली असती. पण तिचा डोळा जाईल आणि मी धर्माकडे बघत बसेन, या विचाराने माझ्या पोटातलं दुसरं बाळही हललं.

कौशीचे बाबा पुढे बसून बैलांशी बोलत होते. मध्येच म्हणाले, "मायले कोण सांगीन?"

"मी," मी म्हणाले.

आत्याबाईंचा न्याय

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याबाईंसमोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. आरसा, पडदा, फेसाचा ठिपका, काळीज. लपवायचं काही ठेवलं नाही. मला वाटलं, आता घरात वादळ उठणार.

आत्याबाई निवडत होत्या ती तूर तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या कोणं काळीज खाल्लं नाई. कोणाले हा आजार झाला का?"

"नाही."

"मंग आमच्या डोयाले घास कुठून भेटत होता?"

डॉक्टरलाही हा प्रश्न सुचला नव्हता. त्या बोटांवर मोजत बोलू लागल्या. पूर्वी कापसाच्या तासांत, म्हणजे ओळींमध्ये, अंबाडी असायची, तिची भाजी. निंदायला गेलेल्या बाया तांदुळजा ओटीत घेऊन यायच्या. परसात शेवगा होता, त्याचा पाला. गोठ्यात म्हैस होती, तिचं तूप. आता अंबाडी नाही, कारण सगळी तासं कापसाची. शेवगा तोडला, कारण कापसाला कोठा बांधायला जागा हवी. म्हैस विकून गाडीचे बैल घेतले. "घरात पैसा आला अन् ताटात भाकर अन् वरन तेवढं राह्यलं," त्या म्हणाल्या. "तुया डोयाचा नाई, माह्या ताटाचा दोष हाय."

मी म्हणाले, "पण पाल्याला वेळ लागेल. डॉक्टर म्हणतो, कौशीचं थांबता येत नाही."

त्या उठल्या. देवापाशी जाऊन बसल्या. परत आल्या तेव्हा त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला होता.

"तू पंथाचा उपदेश घेतला हाय, तू खाऊ नको. तू पाला खा," त्या म्हणाल्या. "पोरीले उपदेश झाला नाई. तिले अजून पाप लागत नाई."

"आणि खाऊ घालणाऱ्याला?"

"ते माह्या माथी. तू इचारू नको."

त्या दिवसापासून आत्याबाई स्वतः कौशीचं बोट धरून रहिमतबीच्या घरी जाऊ लागल्या. आत पाऊल टाकत नसत. उंबऱ्याबाहेर रस्त्याकडे तोंड करून बसत, आणि आत रहिमतबी भाकरीत काळीज कुस्करून पोरीला भरवी. "आजी, तुमी पण या," रहिमतबी चिडवायची. आत्याबाई म्हणायच्या, "तू तुयं काम कर." पण पुढे एकही दिवस त्या रिकाम्या हाताने गेल्या नाहीत. रहिमतबीच्या बाळासाठी आमच्या घरची मूग-ज्वारी नेऊ लागल्या.

माझ्यासाठी त्या पहाटे उठून दुसऱ्यांच्या शेतातून हरभऱ्याचा कोवळा पाला खुडून आणत. दव पडलेला तो पाला आंबट लागतो. उसनं तूप घालून त्या मला बसवून खाऊ घालत, आणि मी पुरे म्हटलं की म्हणत, "तुये दोन नाई, चार डोये हायेत. खा."

बोंड

मला आता प्रयोगाची हाव सुटली होती. एकीला काळीज, एकीला पाला, कोण आधी पाहतं? मोजायचं कसं हे मीच काढलं. दिवेलागणीला दिवा न लावता अंगणात फुटलेलं कापसाचं एक बोंड टाकायचं. काळी माती, पांढरं बोंड. ते जिला सापडलं तिचा डोळा जागा झाला.

मी ओसरीवर बसायचे. मला काही दिसत नसे, म्हणून मी फक्त ऐकायचे. आत्याबाई बोंड टाकायच्या आणि कौशी शोधायची. पहिल्या संध्याकाळी ती रडत परत आली. पुढचे काही दिवस आत्याबाईंचाच आवाज यायचा, "इकडं, इकडं पाह्य माय." आणि मग एके दिवशी कौशी ओरडली, "भेटलं!" बोंड तिने माझ्या हातात दिलं. मी ते गालाला लावून रडले. तो फेसाचा ठिपकाही पुढे विरत गेला. रोज सकाळी मी उजेडात तिची पापणी वर करून पाहायचे, आणि ती मला ढकलायची.

माझी पाळी मात्र येईना. हरभऱ्याला घाटे धरले, पाला निबर झाला. मग आत्याबाई कुणाच्या तरी परसातून शेवग्याचा पाला आणू लागल्या. कौशी रोज बोंड आणून द्यायची आणि मी रोज अंधाराला विचारायचे, आज का?

मग ती संध्याकाळ आली. मी नेहमीसारखी बसले होते. आधी अंगणाची कड दिसली. वाटलं, मनाचा खेळ. मग पाण्याचा रांजण, मग त्याच्या बाजूला काहीतरी उभं. त्या आत्याबाई होत्या. त्यांचं लुगडं दिसलं, खांदा दिसला. मी श्वास रोखून बसले, हाक मारली नाही. त्यांनी बोंड टाकलं. कौशी भलतीकडेच धावली, आणि आत्याबाईंनी इकडेतिकडे पाहून, हळूच, पायाच्या अंगठ्याने ते बोंड तिच्या वाटेत सरकवलं.

म्हणजे इतके दिवस हे चाललं होतं! माझा सगळा प्रयोग! मला राग यावा की हसू, कळेना. माझ्या तोंडून निघालं, "आत्याबाई, पाय काढा."

त्या जागच्या जागी थिजल्या. माझ्याकडे वळल्या.

"तुले दिसला?" त्या म्हणाल्या. "तुले माहा पाय दिसला?"

कौशीने बोंड उचललं आणि आमच्या दोघींच्या मध्ये उभी राहून म्हणाली, "मले तं रोजच दिसते. म्या मुद्दाम भलतीकडं धावते अन् आजी रोजच सरकवते. म्या सांगतलं नाई."

आत्याबाई तिथेच रांजणाच्या ओट्यावर बसल्या आणि तोंडात पदर कोंबून रडू लागल्या. अंधार चांगलाच पडला होता. तरी मला त्यांचं रडणारं तोंड दिसत होतं.